काळी नदीचा खेळ कोण लिहिणार?

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात गणेशगुडीला सुपा धरणाची भिंत उभी आहे. उंची १०१ मीटर. तिच्यामागे काळी नदीचं सुमारे १४७ टीएमसी पाणी मावतं, आणि त्या पाण्याखाली सुपा नावाचं गाव आहे. एकेकाळी तेच तालुक्याचं ठिकाण होतं. धरणाचं काम १९७० च्या दशकात सुरू झालं आणि पुढच्या दशकात पुरं झालं. सुपा बुडालं, तालुक्याच्या कचेऱ्या जोयड्याला आल्या, उठलेल्या कुटुंबांसाठी रामनगर वसवलं गेलं.

हे काम चालू असतानाच, डिसेंबर १९८१ मध्ये, इंग्लंडमधल्या केंब्रिज शहरातल्या एकॉर्न कंपनीनं बीबीसी मायक्रो नावाचा छोटा संगणक बाजारात आणला. त्याच्याबरोबर ‘वेलकम’ नावाची कॅसेट मिळायची. गाण्यांची कॅसेट चालते त्याच टेपरेकॉर्डरवर ती चालायची. तिच्यातल्या कार्यक्रमांत ‘किंगडम’ नावाचा एक खेळ होता. चीनमधल्या पीत नदीच्या काठी तीन गावं, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि डोंगरात चोर. वर्षाचे तीन हंगाम: हिवाळा, पीक वाढण्याचा काळ आणि सुगी. प्रत्येक हंगामात खेळणाऱ्याला ठरवावं लागे की किती माणसं नदीच्या बांधावर ठेवायची, किती शेतात पाठवायची आणि किती गावाच्या राखणीला. बांधावर माणसं कमी पडली तर नदी शेतात घुसे. राखणीला कमी पडली तर साठवलेलं भात लुटलं जाई. शेतात कमी पडली तर पुढच्या वर्षी चुली पेटत नसत.

एवढाच खेळ. चित्रं जेमतेम, आवाज किरकोळ. तरीही ज्यांनी तो किंवा त्याच्या जातीचे खेळ लहानपणी खेळले, ते आज पन्नाशीच्या घरात असतानाही त्यांच्याविषयी जिव्हाळ्यानं बोलतात. या आठवणींकडे गेलेल्या दिवसांची हळहळ म्हणून पाहिलं जातं. त्यांत त्याहून मोलाचं काही आहे, आणि ते आज जोयड्यासारख्या तालुक्यातल्या शाळांना हवं आहे.

मोल कशात आहे, हे ‘हमुराबी’ या खेळावरून नीट कळतं. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकी कंपनीत डग डायमेंट यांनी १९६८ मध्ये प्राचीन सुमेर राज्याचा एक खेळ लिहिला. डेव्हिड आल यांनी तो बेसिक या सोप्या संगणकभाषेत आणला आणि १९७३ मध्ये बेसिकमधल्या १०१ खेळांच्या पुस्तकात छापला. पुस्तकाच्या १९७८ च्या सुधारित आवृत्तीनं दहा लाख प्रतींच्या खपाचा पल्ला गाठला. घरोघरी संगणक आले तेव्हा हा खेळ त्यांच्यासोबत जगभर फिरला.

खेळणारा राजा. राज्य दहा वर्षांचं. हाताशी १०० माणसं, १००० एकर जमीन आणि कोठारात २८०० बुशेल धान्य. बुशेल हे आपल्या पायलीसारखं धान्याचं माप. एका माणसाला वर्षाला २० बुशेल लागतात, म्हणजे सगळ्यांच्या पोटाला २०००. एकरी अर्धा बुशेल बियाणं, म्हणजे हजार एकरांना ५००. एक माणूस दहा एकर कसतो, तेव्हा शंभर माणसांना हजार एकर बरोबर पुरतात. उरले ३०० बुशेल. जमिनीचा भाव दरवर्षी एकरी १७ ते २६ बुशेलच्या दरम्यान फिरतो. या तीनशेंची जमीन घ्यावी की ते कोठारात ठेवावेत? पीक एकरी एक ते पाच बुशेल येतं आणि किती येईल ते आधी कळत नाही. शिवाय पाचांतून दोन वेळा उंदीर लागतात, आणि लागले की कोठारात उरलेल्याचा निम्मा किंवा चौथा हिस्सा फस्त करतात. तीनशे जपून ठेवले, उंदीर लागले नाहीत, पण पीक एकरी एकच आलं, तर पुढच्या वर्षी हातात १३०० बुशेल. ते ६५ माणसांना पुरतात. शंभरांतली ३५ उपाशी मरतात. एका वर्षात ४५ टक्क्यांहून जास्त माणसं मेली की राजाला गादीवरून खाली ओढलं जातं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाला हा हिशेब येतो. बेरीज, गुणाकार, भागाकार, बस्स. पण आकडे बरोबर मांडल्यावरही निर्णय शिल्लकच राहतो, आणि त्याची जबाबदारी टाळता येत नाही. धान्य एकच आहे. ते खायला दिलं तर पेरता येत नाही, पेरलं तर विकता येत नाही. शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला हे कुणी शिकवावं लागत नाही, पण पाठ्यपुस्तकातल्या गणितात ते त्याला क्वचितच भेटतं.

या साऱ्याचं मूळ एका शाळेत आहे. डायमेंट यांच्या खेळाआधी, १९६४ च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या मेबल अ‍ॅडिस या शिक्षिकेनं आयबीएम कंपनीच्या सहकार्यानं सहावीच्या मुलांसाठी ‘द सुमेरियन गेम’ हा खेळ रचला होता. इतिहास आणि अर्थशास्त्राचा धडा मुलांना स्वतः राज्य चालवून कळावा, हा त्यामागचा हेतू. संगणकावरच्या राज्यकारभाराच्या खेळांची परंपरा जिथून सुरू झाली, तिथे प्राथमिक शाळेतल्या एक बाई उभ्या आहेत. हे आपल्या शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हे खेळ उघडे होते. पुस्तकात छापलेल्या शंभर-सव्वाशे ओळी मुलं स्वतः टंकित करत. एक स्वल्पविराम चुकला तरी खेळ चालत नसे. मग चूक शोधायची. शोधताना प्रत्येक ओळ काय करते ते कळू लागे. उंदीर कुठल्या ओळीत येतात, किती खातात, हे दिसे. मग कुणीतरी ती ओळ बदले आणि उंदरांना कायमचं हाकलून देई, आणि चार वर्षांत कंटाळे, कारण संकट नसलेला खेळ खेळच राहत नाही. राज्याचे नियम कुणीतरी लिहिलेले असतात आणि ते बदलता येतात, हा धडा त्या मुलांना असा मिळाला.

आपल्याकडच्या वाघबकरीतही हाच गुण आहे. कर्नाटकात तिला ‘आडु हुली आट’ म्हणतात. तीन वाघ, पंधरा बकऱ्या, आणि कोळशानं किंवा खडूनं फरशीवर ओढलेल्या रेघा. पट खेळणाऱ्यानं स्वतः आखलेला, नियम सगळ्यांना ठाऊक, आणि बकऱ्यांनी एकजुटीनं वाघाची कोंडी केली की डाव संपला. १९८९ मध्ये आलेला ‘सिमसिटी’ हा शहर वसवण्याचा खेळ फार देखणा होता. पण कर वाढवला की माणसं शहर का सोडतात, हे ठरवणारी ओळ खेळणाऱ्याला दिसत नव्हती. आजचे मोबाईलवरचे बहुतेक खेळ त्याहून बंद आहेत. तिथे धान्य संपलं की दोन रस्ते असतात: काही तास थांबा, नाहीतर पैसे भरा. निर्णय घेण्याची कसरत तिथून निघून गेली आहे.

आता एक अप्रिय सत्य. जुन्या संगणकांची ही आठवण भारतात फार थोड्यांची आहे. सरकारनं १९८४ मध्ये ‘क्लास’ हा शालेय संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला तेव्हा पहिल्या टप्प्यात देशभरातल्या सुमारे २५० शाळांना बीबीसी मायक्रो मिळाले. देशात शाळा लाखांनी होत्या. पुण्याच्या डेसी बेल्स इलेक्ट्रॉनिक्स कंपनीनं १९८८ मध्ये सिंक्लेअर स्पेक्ट्रम या घरगुती संगणकाची परवान्यानं बनवलेली भारतीय आवृत्ती, डीबी स्पेक्ट्रम प्लस, बाजारात आणली; ती पन्नास हजारांहून जास्त खपली. शहरातल्या, परवडणाऱ्या घरांतली मुलं त्यावर राज्यं चालवत होती, त्याच वर्षांत सुप्याची मुलं आपली घरं पाण्याखाली जाताना पाहत होती. म्हणून या खेळांचा विषय निघाला की जोयड्याच्या वाट्याला स्मरणरंजन येत नाही. तिथे बाकी आहे ती थकबाकी, आणि ती फेडता येण्यासारखी आहे.

फेडण्याचा मार्ग असा: तालुक्यातल्या मुलांनी काळी नदीचा खेळ स्वतः लिहावा.

यासाठी सामग्री शोधायला बाहेर जावं लागत नाही. काळी जोयडा तालुक्यातच डिग्गीच्या परिसरात उगम पावते आणि सुमारे १८४ किलोमीटर वाहून कारवारजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिच्यावर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणांची माळ आहे. नागझरीचं वीजघर तिच्या पाण्यावर चालतं, कैगाचा अणुवीज प्रकल्प तिच्या काठावर आहे. गणेशगुडीचं राफ्टिंगसुद्धा सुप्यातून पाणी सुटेल त्यावर चालतं आणि त्यावर कित्येक तरुणांची रोजी अवलंबून आहे. जुलैत पाणी अडवलं तर उन्हाळ्यात विजेची सोय होते. पण ऑगस्टमध्ये पाऊस कोसळला आणि धरणात जागाच उरली नाही, तर पाणी एकदम सोडावं लागतं. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये कद्रा धरणातून सोडलेलं पाणी कारवार तालुक्यातल्या काठच्या गावांत शिरलं. त्याच दोन वर्षांत सांगली-कोल्हापूर पाण्याखाली होतं आणि कोयनेतून पाणी कधी सोडायचं, अलमट्टीत किती साठवायचं, यावर दोन राज्यांत वाद पेटला होता. तो वाद आजही बहुतेकांना घोषणांच्या भाषेतच कळतो. ज्या मुलीनं पंधरवड्याच्या हिशेबानं आभासी धरणाचे दरवाजे उघडून पाहिले आहेत, तिला तो आकड्यांत कळेल.

नदी नको असेल तर शेत घ्यावं. जोयड्यातले कुणबी शेतकरी भाताबरोबर कंदमुळं पिकवतात, जोयड्यात कंदमुळांचं प्रदर्शनही भरतं. भाताला किती जमीन, कंदांना किती, बियाण्याला किती राखून ठेवायचं? ‘हमुराबी’तल्या उंदरांच्या जागी इथे रानडुकरं आणि माकडं येतील. राखणीला माचावर किती रात्री बसायचं, हाही एक आकडाच. आजोबांना विचारल्याशिवाय मुलांना हा खेळ लिहिता येणार नाही, आणि तेच त्याचं मोठं यश ठरेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. अशा खेळांत माणसं म्हणजे आकडे होतात. ‘हमुराबी’त ३५ मेली, एवढं छापून पुढचं वर्ष सुरू होतं. ‘किंगडम’मध्ये बांध आहे, पण बांधासाठी कुणाचं अंगण गेलं याची ओळ नाही. हा दोष खराच आहे, आणि म्हणूनच नवा खेळ जोयड्यात लिहिला जायला हवा. ज्या मुलांच्या आजीचं माहेर पाण्याखाली आहे, ती मुलं धरणाची उंची विचारून थांबणार नाहीत. भिंत एक मीटर वाढवली की किती घरं उठतात, उठलेल्यांना जमीन कुठे आणि किती मिळते, देवाची राई जाते की राहते, हे प्रश्न ती खेळात घालतील. केंब्रिजमध्ये बसून ते कुणाला सुचले नसते.

साधनांची अडचणही मोठी नाही. बीबीसी मायक्रोच्या ‘मॉडेल बी’ची स्मरणशक्ती ३२ किलोबाइट होती. आज मोबाईलवर आलेला साधा फोटो त्याहून कितीतरी जास्त जागा घेतो. असा खेळ शाळेतल्या सर्वांत जुन्या संगणकावरही चालेल आणि त्याला इंटरनेट लागणार नाही. डोंगर आणि घनदाट जंगलाच्या या तालुक्यात, जिथे नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते, तिथे ही बाब लहान नाही. भाषा बेसिक असो की पायथन, तत्त्व एकच. २०१२ मध्ये केंब्रिजहून आलेला रास्पबेरी पाय हा स्वस्त संगणक याच विचारातून घडला: मुलांना पुन्हा असं यंत्र मिळावं, जे उघडून, मोडून, बदलून पाहता येईल. त्याच्या पहिल्या प्रकारांना ‘मॉडेल ए’ आणि ‘मॉडेल बी’ ही नावं दिली गेली ती बीबीसी मायक्रोच्या आठवणीनंच.

उणीव आहे ती आठवड्यातल्या एका तासाची आणि तो देणाऱ्या शिक्षकांची. जोयडा, रामनगर, गणेशगुडीच्या मुलांच्या कानावर कोकणी, मराठी, कन्नड तिन्ही भाषा पडतात. पडद्यावरचे प्रश्न तिन्ही भाषांत विचारता येतील. गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिक्षकांनी या पावसाळ्यात सुरुवात करावी, आणि ज्या मंडळींनी शहरात हे खेळ लहानपणी खेळले, त्यांनी आठवणी सांगत बसण्यापेक्षा एक शनिवार काढून अशा शाळेत जावं. पहिल्या दिवशी तीनच आकडे पुरतील: सुप्यात आज पाणी किती आहे, वरून किती येतं आहे, आणि खाली किती सोडायचं.