स्वस्त श्रम आणि न्याय्य दाम

दिवाळीच्या सुटीनंतर वर्गांत निबंधवाचन चालू असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, "सर, कैद्यांस काम शिकविणें हें जर सत्कृत्य, तर त्यापायीं माझ्या वडिलांचें गिऱ्हाईक कां तुटावें?" मुलाचे वडील सुतार. कैद्यांनीं केलेल्या टेबल-खुर्च्या स्वस्त मिळाल्या म्हणून त्यांचें एक जुनें गिऱ्हाईक तिकडे वळलें होतें. त्या वेळीं आम्ही नीटसें उत्तर देऊं शकलों नाहीं. तें येथें देण्याचा यत्न करीत आहों.

पुणेकरांस हा प्रश्न परका नाहीं. येरवड्याचें मध्यवर्ती कारागृह 1871 सालापासून उभें आहे. त्यांत सुतारकाम, विणकाम, शिवणकाम वगैरे उद्योग चालतात, आणि तेथील माल सामान्य जनांसही विकत मिळतो. 2023 सालीं महाराष्ट्र शासनानें कैद्यांच्या मजुरीचे दर वाढविले, तरी कारागृहांत कुशल कैद्याचाही रोज शंभर रुपयांच्या आंतच राहिला. उलट पेठेंतील सुतारास लाकडाची किंमत, जागेचें भाडें, विजेचें बिल आणि हाताखालच्या गड्याचा रोज भागवून मग घरची चूल पेटवावयाची असते. ही शर्यत बरोबरीची नव्हे, हें सांगावयास अर्थशास्त्र नको.

तर मग कैद्यांचे कारखाने बंद करावे काय? आमचें उत्तर, नाहीं. सक्तीचें रिकामपण ही मोठी क्रूर शिक्षा आहे. बंदिवानाच्या भेटीस जाणें ही प्रभूनें आपलीच सेवा मानली. त्यास हुन्नर देणें हें तर भेटीहूनही अधिक. महात्मा गांधींनीं येरवड्याच्या बंदिवासांत नेमानें सूत कातलें, आणि पेटींत मावणाऱ्या चरख्यास 'येरवडा चक्र' हें नांव तेथूनच मिळालें. श्रमानें मनुष्याचा मान राहतो. तेव्हां दोष कामाचा नव्हे, दामाचा आहे.

अमेरिकेंतही हा वाद झाला. तेथें कारखानदार व कामगारसंघ यांच्या तक्रारीवरून 1929 व 1935 सालीं कायदे झाले, आणि तुरुंगांत झालेल्या मालाच्या एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांतील व्यापारास आळा बसला. त्यानें बाहेरच्या कारागिरास आधार मिळाला. पण बंदिवानाच्या मजुरीचा प्रश्न तसाच राहिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें 1998 सालीं अधिक सरळ मार्ग दाखविला. सक्तमजुरीच्या कैद्यासही वाजवी मजुरी मिळावी, आणि तींतील कांहीं भाग त्याच्या अपराधानें ज्यांचें नुकसान झालें त्यांच्यासाठीं काढून ठेवावा, असा त्या निर्णयाचा आशय आहे. ही मजुरी खरोखर वाजवी ठरली आणि मालाची किंमत तिच्या हिशेबानें बसविली, तर सुताराची तक्रारही बरीचशी मिटेल.

कोणी म्हणेल, स्वस्त माल गरिबांसही हवा. खरें आहे. परंतु स्वस्ताई कौशल्यानें किंवा काटकसरीनें आली तर ती सर्वांच्या हिताची. दुसऱ्याची मजुरी बुडवून आली तर ती अन्यायाची. शिवाय आज रंधा मारणारा हा कैदी उद्यां सुटून त्याच बाजारांत पोट भरावयास येणार. ज्या धंद्याचा भाव त्याच्याच स्वस्त श्रमानें पडला, त्या धंद्यांत त्यानें काय मिळवावें? आणि ज्या सुताराचें दुकान बसलें, त्यानें त्यास कामावर तरी कसें घ्यावें?

याच मापानें आम्हां ख्रिस्ती मंडळींनींही स्वतःस मोजून घेतलें पाहिजे. 1899-1900 च्या दुष्काळानंतर अनाथ मुलांसाठीं अहमदनगरादि ठिकाणीं मिशनांनीं उद्योगशाळा चालविल्या. त्यांनीं पुष्कळांस पोटापाण्याची विद्या दिली, हें आम्ही कृतज्ञतेनें स्मरतों. तरी देणगीच्या आधारानें झालेल्या मालाची किंमत ठरवितांना शेजारच्या विणकराचा विचार दर वेळीं झाला असेलच, असें छातीठोकपणें म्हणवत नाहीं.

द्राक्षमळ्याच्या दृष्टांतांत शेवटच्या घटकेस आलेल्या मजुरासही धन्यानें पूर्ण रोज दिला. तो उदार ठरला, कारण तो रोज त्यानें आपल्या थैलींतून दिला; दुसऱ्या मजुराच्या रोजांतून कापून दिला नाहीं. कैद्यास सुधारण्याचा खर्च सर्व समाजाचा आहे. तो समाजाच्या तिजोरींतूनच व्हावा. एकट्या सुतारावर, शिंप्यावर किंवा विणकरावर त्याचा बोजा पडूं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुम्ही आणि तुमचे आईबाप रोज कांहींना कांहीं विकत घेतां. वस्तु स्वस्त दिसली म्हणजे "केवढ्यास?" एवढेंच विचारून थांबूं नका, "एवढ्यांत कशी परवडली?" हेंही विचारा. आणि ज्या मुलानें आम्हांस प्रश्न केला त्यास आमचें उत्तर असें कीं, बाळा, तुझ्या वडिलांचा त्या कैद्याशीं कांहीं तंटा नाहीं. दोघांसही एकच गोष्ट हवी आहे: हाताच्या कामाचा पुरता मोबदला.