लहानाने थांबायचं, मोठ्याने शोधायचं

मुलांनो, गेल्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या भाच्याला घेऊन पॅरिसला गेलो होतो. स्वारी सहावी पास झालेली, शिवाय डोंबिवलीची. म्हणजे गर्दीची सवय जन्मापासूनची. "मामा, मेट्रोचं काय एवढं? आपली लोकल बघ!" असं तो पहिल्याच दिवशी ऐकवून मोकळा झाला. पण जमिनीखाली उतरून भिंतीवरचा नकाशा पाहिला आणि स्वारी गप्प! सोळा लाइनी, तीनशेहून जास्त स्टेशनं आणि सगळ्या रंगीत रेघा एकमेकींत गुंतलेल्या. आजीच्या दोऱ्यांच्या डब्यात मांजर शिरल्यावर होतं ना, अगदी तस्सं!

पण हा गुंता सोडवायला तीनच प्रश्न पुरतात. पहिला, आपल्याला कोणत्या नंबरची लाइन हवी? दुसरा, त्या लाइनीचं शेवटचं स्टेशन कोणतं? तिसरा, गाडी कुठे बदलायची?

यातला दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तिथे पाट्यांवर शेवटच्या स्टेशनाचं नाव लिहिलेलं असतं, त्यावरून गाडीची दिशा कळते. हे ऐकून भाचा एकदम खुलला. "म्हणजे आपल्यासारखंच! आपण नाही का म्हणत, कसारा आली, कर्जत आली?" शाब्बास! डोंबिवलीची विद्या पॅरिसमध्ये उपयोगी पडली.

आम्हाला लूव्र संग्रहालयापासून आयफेल टॉवरला जायचं होतं. आम्ही बेत आखला. पाले रोयाल स्टेशनावर १ नंबरची पिवळी लाइन पकडायची, 'ला देफान्स'च्या दिशेची. शार्ल द गोल-एत्वाल स्टेशनावर उतरून ६ नंबरची लाइन घ्यायची, 'नासिओं'च्या दिशेची, आणि बीर हाकेमला उतरायचं. 'सॉर्ती' म्हणजे बाहेर जायचा रस्ता, हा एक फ्रेंच शब्द पाठ केला. गाडी बदलताना चुकून बाहेर पडलात तर पुन्हा तिकीट लागतं, म्हणून तो आधी ओळखता यायला हवा!

निघण्याआधी मी आणखी एक नियम सांगितला होता. चुकामूक झालीच, तर लहानाने थांबायचं आणि मोठ्याने शोधायचं. लहान मूल फलाटावर राहिलं तर त्याने तिथेच उभं राहायचं. गाडीत एकटं पुढे गेलं तर पुढच्याच स्टेशनावर उतरायचं आणि तिथेच फलाटावर थांबायचं. भाचा हसला होता. "मामा, मी काय लहान आहे?"

आता ऐका गंमत. १ नंबरच्या लाइनीवरच्या गाड्यांना चालकच नसतो. २०१२ सालापासून या लाइनीवर सगळ्या गाड्या आपोआप चालतात. त्यामुळे पहिल्या डब्यात अगदी पुढच्या काचेशी उभं राहिलं, की समोरून बोगदा अंगावर धावून येताना दिसतो. भाच्याला ती जागा हवीच होती. गाडी आली तशी तो सुसाट धावला आणि आत शिरला. मी? मी चष्मा कपाळावर चढवून नकाशात डोकं घालून उभा! भोंगा वाजला, गाडीची दारं मिटली, फलाटाच्या कडेची दारंही मिटली. काचेपलीकडे त्याचा चेहरा दिसला, आणि गाडी गेली. हाक मारून थांबवायला ना मोटरमन, ना गार्ड.

खरं सांगतो, माझे हातपाय गार पडले. पुढची गाडी दोन मिनिटांत आली, पण ती दोन मिनिटं दोन तासांसारखी वाटली. तो पुढच्या स्टेशनावर उतरला नसेल तर? गाडी थेट ला देफान्सपर्यंत जाते! किंवा उतरून उलट्या गाडीने मला शोधायला परत आला तर? मी तिकडे, तो इकडे, असा लपंडाव दिवसभर चालला असता.

पुढचं स्टेशन त्युइलरी. दारं उघडली आणि समोर, जिथे उतरला तिथेच, भिंतीला पाठ टेकवून स्वारी उभी. पाठीवरची पिशवी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलेली. डोळ्यांत पाणी होतं, पण पाय हलले नव्हते.

"समोरच्या फलाटावर परतीची गाडी लागली होती," तो हळूच म्हणाला. "वाटलं, पळत जाऊन पकडावी. पण मग तू आला असतास, तर मी सापडलो नसतो ना?"

मी त्याला जवळ घेतलं. रागावणार कुणावर? तो धावला ही त्याची चूक, आणि माझं लक्ष नव्हतं ही माझी. आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागितली. फिट्टंफाट!

मग एत्वालला गाडी बदलली. ६ नंबरची गाडी पासी स्टेशनाशी जमिनीवर येते आणि पुलावरून सेन नदी ओलांडते. खिडकीत अचानक आख्खा आयफेल टॉवर! भाचा मघाचं रडू विसरून ओरडलाच.

ही मेट्रो १९ जुलै १९०० रोजी सुरू झाली. ती बांधणाऱ्या मुख्य इंजिनिअरचं नाव फुल्जांस बियाँव्हन्यू. एका रेल्वे अपघातात त्यांचा डावा हात गेला होता, तरी त्यांनी हे प्रचंड काम पेललं. 'बियाँव्हन्यू' हा शब्द कानाला फ्रेंचमधल्या 'सुस्वागतम्'सारखाच लागतो. मोंपारनास स्टेशनाला त्यांचं नाव जोडलेलं आहे. सुरुवातीच्या काळातली काही प्रवेशद्वारं एक्तोर गिमार या वास्तुकाराने घडवली. हिरव्या लोखंडाची, वेलीच्या देठांसारखी वळलेली. ती आजही दिसतात.

आई-बाबांनो, एक काम तुमच्यासाठी. पॅरिस असो, दादर असो की गावची जत्रा, घरातून निघण्याआधी हा नियम मुलांकडून एकदा म्हणवून घ्या. त्यांच्या खिशात नाव, उतरण्याचं ठिकाण आणि तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. आणि हो, नकाशा बघताना दुसऱ्या हातात मुलाचा हात असू द्या!

मुलांनो, तुमच्यासाठी एक कोडं. आयफेल टॉवर पाहून झाला. आता बीर हाकेमहून पाले रोयालला परत यायचंय. दोन्ही वेळा कोणत्या शेवटच्या स्टेशनाच्या दिशेने जायचं? १ नंबरच्या लाइनीचं दुसरं टोक आहे शातो द व्हॅन्सेन. बाकीचं सगळं उत्तर वरच आहे. शोधा बघू!