गावातल्या घरापासून आखाड्यापर्यंत

फायबरची वायर गावात येते, ग्रामपंचायतीच्या आणि रस्त्याकडेच्या दहा-पाच घरांच्या भिंतीला लागते आणि तिथेच थांबते. हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या तालुक्यांतल्या अनेक गावांचे चित्र असे आहे. गावठाणाच्या टोकाची गल्ली, ओढ्यापलीकडची वस्ती, शिवारातला आखाडा म्हणजे शेतातले घर, यांच्या वाट्याला मोबाइलची रेंज येईल तशी. मग ज्याच्या घरी कनेक्शन आहे त्याला सख्खा भाऊ किंवा शेजारी विचारतो, तुझे वायफाय आमच्या घरापर्यंत येईल का? हा प्रश्न आता गावोगाव विचारला जाईल आणि त्याचे उत्तर नीट विचार करून द्यायला हवे.

गरज खरी आहे. ई-पीक पाहणी 2021 पासून मोबाइलवर होते. पीक विम्याचा अर्ज, ई-केवायसी, शिष्यवृत्ती, प्रवेशाच्या कॅप राउंडची यादी, हिंगोली आणि वसमतच्या बाजारातला हळदीचा भाव, सगळे त्याच पडद्यावर येते. आखाड्यावर मोटार आणि केबल चोरीला जाण्याची धास्ती असते, त्यामुळे तिथे कॅमेरा बसवावासा वाटतो. नवे कनेक्शन मागितले तर तेवढ्या एका घरासाठी खांब टाकून वायर ओढणे परवडत नाही, असे उत्तर मिळते. आणि गावातल्या घरी मात्र महिन्याचा रिचार्ज भरलेला असतो, दिवसाचे कितीतरी तास तो नुसता पडून असतो.

तंत्र अवघड राहिलेले नाही. दोन्ही घरांवर दिशा धरणारा एकेक अँटेना लागतो. ही जोडी काही हजार रुपयांत मिळते. पत्र्याच्या वर लोखंडी पाइप उभा करायचा, त्याला क्लॅम्पने पांढरा डबा आवळायचा आणि खाली एकच वायर सोडायची. डेटा त्याच वायरीतून जातो आणि डब्याची वीजही त्याच वायरीतून येते. मग एकजण वर चढून डबा तसूभर डावीकडे, तसूभर उजवीकडे फिरवतो आणि खालचा मोबाइलवर सिग्नलचा आकडा वाचून ओरडतो: उणे ऐंशी, उणे सत्तर, उणे साठ. साठच्या आसपास आकडा स्थिर झाला की नट आवळायचा.

समोरचे घर नुसते डोळ्यांना दिसले म्हणजे झाले, असे मात्र नाही. 5.8 गिगाहर्ट्झच्या लहरींना तीनशे मीटर अंतरात मधोमध, सरळ रेषेच्या चहूबाजूंनी जवळपास दोन मीटर मोकळी जागा लागते. वाटेतले लिंबाचे झाड उन्हाळ्यात फारसे आड येत नाही; श्रावणात त्याची ओली पाने लहरी पिऊन टाकतात. त्याहून गंभीर बाब विजेची. वळवाच्या पावसात मराठवाड्यात विजा पडतात, आणि घराच्या सगळ्यात उंच जागी आपण लोखंडी पाइप उभा केलेला असतो. त्या पाइपला स्वतंत्र अर्थिंग आणि वायरीला सर्ज प्रोटेक्टर नसेल, तर पाइप उभाच करू नये. तीस-चाळीस मीटरचे अंतर असेल आणि मध्ये दुसऱ्याची जागा किंवा रस्ता नसेल, तर बारीक फायबर टाकणे केव्हाही बरे. काचेतून वीज वाहत नाही, त्यामुळे एका घरावरचे संकट दुसऱ्यात जात नाही.

हवेतून सिग्नल पाठवायला परवाना लागतो का, अशी शंका अनेकांना असते. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी 2005 मध्ये विनापरवाना झाला आणि ऑक्टोबर 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही खुला झाला. शक्तीची मर्यादा पाळायची, मंजूर उपकरण वापरायचे आणि दुसऱ्याच्या सिग्नलचा त्रास झाला तरी संरक्षण मागता येणार नाही हे मान्य करायचे, एवढीच अट आहे. लहरी मोकळ्या आहेत. पण त्या लहरींवरून जे इंटरनेट जाते ते मोकळे नाही. कनेक्शन घेताना ज्या अर्जावर आपण न वाचता सही करतो, त्यात साधारणपणे लिहिलेले असते की सेवा त्या पत्त्यापुरती आहे आणि ती दुसऱ्याला विकता येणार नाही. शेजाऱ्याकडून महिन्याला दोनशे रुपये घेतले, तर ती शेजारधर्माची गोष्ट उरत नाही. 1885 च्या टेलिग्राफ कायद्यापासून 2023 च्या दूरसंचार कायद्यापर्यंत, लोकांना दूरसंचार सेवा पुरवायची तर सरकारची मान्यता लागते, हे तत्त्व कायम आहे.

यापुढचा मुद्दा आम्हाला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. 26 जुलै 2008 रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. पोलिसांनी माग काढला तो नवी मुंबईतल्या सानपाड्याच्या एका फ्लॅटपर्यंत पोचला. तिथे राहणाऱ्या अमेरिकन माणसाचा कटाशी संबंध नव्हता. त्याचे वायफाय उघडे होते आणि कुणीतरी ते वापरले होते. तरी चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागलाच. पुढच्याच वर्षी दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या. बाहेरच्या जगाला एका कनेक्शनमागे एकच पत्ता आणि एकच नाव दिसते. आखाड्यावरच्या पोराने कुणाच्या नावाने खोटे खाते उघडले, कुणाला धमकावले किंवा पाहुणा म्हणून आलेल्या कुणी ऑनलाइन फसवणूक केली, तर पोलीस आधी ज्याच्या नावावर बिल आहे त्याच्या दारात येतात. घरातल्या साध्या राउटरमध्ये, कोणत्या फोनवरून काय झाले याची दीड महिन्यापूर्वीची नोंद बहुतेक वेळा सापडत नाही. मग खुलासा कशाच्या आधारावर करायचा?

म्हणून कनेक्शन द्यायचे तर पासवर्ड सांगून मोकळे होणे हा मार्ग नव्हे. दुसऱ्या घरासाठी राउटरवर वेगळे नेटवर्क काढावे, म्हणजे त्यांच्या फोनवरून आपल्या कॅमेऱ्यांपर्यंत आणि कॉम्प्युटरपर्यंत पोचता येत नाही. दोन अँटेनांमधल्या दुव्याला स्वतःचा पासवर्ड हवा. त्या घराची वेगमर्यादाही ठरवावी. नाहीतर रात्री तिकडे क्रिकेटचा सामना लागला की इकडे मुलीचा ऑनलाइन क्लास अडकतो, आणि भावकीत अबोला धरायला तेवढे कारण पुरते. वापर कोण करणार, पैसे कोण किती भरणार, बिघाड झाला तर डबा कुणी बदलायचा, हे कागदावर लिहून ठेवण्यात संकोच वाटू नये. बांध आणि सामाईक विहीर यांवरून किती घरे कोर्टात गेली, हे इथे कुणाला वेगळे सांगायला नको.

विरोधी बाजूही वजनदार आहे. तालुक्याच्या गावात केबल आणि फायबर चालवणारा माणूस कनेक्शनच्या संख्येवर जगतो. एका बिलावर चार घरे चालू लागली, तर पुढच्या वस्तीपर्यंत वायर नेण्याचे त्याचे गणित कधीच जमणार नाही आणि वाटून घेण्याची वेळ कायमची राहील. जिथे वायर दारापर्यंत येऊ शकते तिथे केवळ पैसे वाचवण्यासाठी शेजाऱ्याचे नेट घेणे आम्हाला मान्य नाही. जिथे ती येतच नाही, तिथे मात्र या युक्तिवादात दम उरत नाही. जे गिऱ्हाईक घ्यायला कुणी तयार नाही, ते गमावल्याची तक्रार कशी करणार?

विकायचेच असेल, तर सरळ रस्ता आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-वाणी योजनेला मंजुरी दिली. तीत किराणा दुकानदार किंवा चहावाला परवान्याशिवाय आणि नोंदणी शुल्काशिवाय वायफाय देऊ शकतो. वापरणारा आपल्या मोबाइल क्रमांकावर ओळख पटवून आत येतो, त्यामुळे जबाबदारी ज्याची त्याच्यावर राहते. अशा दुकानदारांकडून कंपन्यांनी किती दर घ्यावा याची कमाल मर्यादा दूरसंचार नियामक ट्रायने जून 2025 मध्ये ठरवून दिली. आखाड्यांच्या वस्तीला चार-सहा घरे असतील तर हाच मार्ग धरावा. आणखी मोठ्या अंतराचा दाखला महाराष्ट्रातच आहे. आयआयटी मुंबईच्या ग्राममार्ग प्रकल्पाने प्रा. अभय करंदीकर यांच्या पुढाकाराने पालघर जिल्ह्यात खामलोली परिसरातल्या गावांत आधी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर, नंतर 5.8 गिगाहर्ट्झवर इंटरनेट पोचवून दाखवले आणि 2017 मध्ये मोझिलाची स्पर्धा जिंकली. म्हणजे अडचण तंत्राची नाही, हे त्याच वेळी सिद्ध झाले होते.

पण सख्ख्या भावाच्या एका आखाड्यासाठी पीएम-वाणीचा घाट घालणे अवजड होते, आणि कंपनीचा करार तर एका पत्त्यापलीकडे बघतच नाही. ही मधली जागा भरायला हवी. बीएसएनएल असो वा खासगी कंपनी, त्यांनी पाचशे मीटरच्या आतले एक जादा घर थोडे शुल्क घेऊन, दोन्ही घरांच्या कर्त्यांची नावे नोंदवून, उघडपणे जोडू द्यावे. कंपनीला उत्पन्न मिळेल, पोलिसांना नाव मिळेल आणि चोरून तार ओढल्याची भावना कुणाच्या मनात राहणार नाही. तोवर ज्यांना जोडायचे आहे त्यांनी आपल्या कंपनीला लेखी विचारावे आणि उत्तर जपून ठेवावे. जिथे वायर येत नाही, दुसरे घर खात्रीच्या माणसांचे आहे आणि पैशांचा व्यवहार निम्म्या बिलापलीकडे जात नाही, तिथे कंपनीच्या संमतीने असा दुवा उभारावा, असे आमचे मत आहे.

एका घराला मात्र आम्ही वेगळा सल्ला देऊ. ज्या घरातली मुलगी घरून नोकरी करते किंवा मुलगा ऑनलाइन परीक्षा देणार आहे, त्याने शेजाऱ्याच्या पाइपवर आणि त्याच्या घरातल्या लाइटवर भिस्त ठेवू नये. गावात वीज गेली आणि तिकडच्या राउटरला इन्व्हर्टर नसला, की आखाड्यावर सोलर चालू असूनही नेट बंद पडते. अशा घराने जवळच्या टॉवरवरच्या सिमचा राउटर दुसरा पर्याय म्हणून घेऊन ठेवावा, आणि फायबरचा अर्ज नाकारला गेला तरी दर सहा महिन्यांनी पुन्हा द्यावा.