ग्रंथ अनेकांच्या हाती राहावा

छापील पुस्तकाचे दिवस भरत आले, असे हल्ली वारंवार ऐकू येते. शाळाशाळांतून पुस्तकांच्या कपाटांऐवजी टॅब आणि डिजिटल ग्रंथालय यांची भाषा सुरू झाली आहे. ग्रंथप्रेमी माणसाला हे ऐकून हुरहूर वाटते; परंतु कागदाच्या वासाची महती गाऊन हा प्रश्न सुटणार नाही. निवासी शाळेने आपल्या ग्रंथालयाचे काय करावे, हे ठरविण्यापूर्वी पुस्तकाची रूपे आजवर का बदलली, हे पाहणे उचित ठरेल.

त्यासाठी त्रिपिटकाइतके बोलके उदाहरण नाही. भगवान बुद्धांची वचने काही शतके भिक्खूंच्या मुखी होती. इ. स. पूर्व पहिल्या शतकात श्रीलंकेत दुष्काळ आणि युद्ध यांमुळे पाठ करणारे भिक्खूच उरतील की नाही, अशी वेळ आली. तेव्हा अलुविहार येथे ती ताडपत्रांवर लिहून काढण्यात आली. पुढे चीनमध्ये लाकडी ठशांनी छपाई सुरू झाली. छपाईची तारीख असलेला, आज उपलब्ध असा सर्वांत जुना संपूर्ण ग्रंथ म्हणजे इ. स. ८६८ मधील ‘वज्रच्छेदिका’ सूत्र होय. तो विनामूल्य वाटण्यासाठी छापला, अशी नोंद त्यावरच आहे. आपल्या काळात इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने पाली त्रिपिटक देवनागरीत छापले, सीडीवर आणले, आणि आज ते इंटरनेटवर कोणालाही वाचता येते. या सर्व स्थित्यंतरांमागे एकच काळजी दिसते: ग्रंथ मोजक्यांच्या हाती राहून नाहीसा होऊ नये. नव्या साधनांचे मोल आपणही याच कसोटीवर करावे.

या कसोटीवर ई-पुस्तकाचे उपकार मोठे आहेत. छापील ग्रंथ काही अमर नसतो. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले, तेव्हा त्यांचे ग्रंथ असलेले सामान घेऊन येणारे जहाज महायुद्धात बुडाले. आज त्यांचेच लेखन व भाषणे यांचे, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले, इंग्रजी खंड इंटरनेटवरून विनामूल्य उतरवून घेता येतात. दृष्टी मंदावलेल्या वृद्धाला पडद्यावरील अक्षर मोठे करता येते, आणि अंध विद्यार्थ्याला तोच मजकूर ऐकता येतो. याला विरोध करणे म्हणजे ज्ञानाची एक वाट आपल्याच हाताने बंद करणे होय.

मात्र विकत घेतलेले ई-पुस्तक पुष्कळदा आपल्या मालकीचे नसते. आपल्याला केवळ वाचण्याची परवानगी मिळालेली असते. २००९ साली ॲमेझॉन कंपनीने जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीच्या, आधीच विकलेल्या काही प्रती वाचकांच्या किंडल यंत्रांतून परस्पर काढून घेतल्या होत्या. प्रकाशनाच्या हक्काचा वाद हे त्याचे कारण होते, आणि वाचकांचे पैसेही परत मिळाले; तरी घरातल्या फडताळातून पुस्तक असे कोणी नेऊ शकत नाही. छापील पुस्तक कोणाची परवानगी न मागता दहा हातांतून फिरते. गोव्यातील साखवाळच्या तरुण धर्मानंद कोसंबींना बुद्धाची ओढ लागली ती ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील लेखामुळे. आजही चैत्यभूमीवरून आणि दीक्षाभूमीवरून परतणारी माणसे पिशवीत पुस्तके घेऊन गावी जातात. ती पुस्तके तेथे कोणकोण वाचील, हे विकणाऱ्याला ठाऊक नसते.

दुसरा प्रश्न चित्ताच्या एकाग्रतेचा आहे. ज्या मोबाइलवर धडा असतो, त्याच मोबाइलवर खेळ, गाणी आणि निरोप असतात. मोठ्यांनाही तेथे सलग तासभर वाचणे कठीण जाते; मग बारा वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा कशी करावी? शिवाय सुटीत घरी गेलेल्या अनेक मुलांच्या घरात एकच मोबाइल असतो, आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. शाळेतून नेलेले पुस्तक मात्र त्या मुलाजवळच राहते.

म्हणून माझे मत असे की, शाळेने संगणक अवश्य घ्यावेत, परंतु ते पुस्तकांच्या खर्चात काटछाट करून घेऊ नयेत. दुर्मीळ ग्रंथ, संदर्भकोश आणि श्राव्य पुस्तके यांसाठी पडद्याचा उपयोग करावा. रोजच्या वाचनासाठी उघडी कपाटे असावीत. त्यांना कुलूप नसावे. वसतिगृहाच्या वेळापत्रकात दररोज एक तास परीक्षेशी संबंध नसलेल्या वाचनाला द्यावा. सुटीत प्रत्येक मुलाला किमान दोन पुस्तके घरी नेऊ द्यावीत. त्यांतली काही फाटतील, काही हरवतील. तो खर्च वाया गेला असे शाळेने मानू नये.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. घरातील रद्दी ठरलेली जुनी मार्गदर्शके शाळेला भेट देऊ नका. ग्रंथपालांकडून हव्या असलेल्या पुस्तकांची यादी मागवा आणि त्यातील पुस्तके नवी घेऊन द्या. पालकांनीही सुटीत मुलाने आणलेले पुस्तक त्याच्याकडून रोज थोडे वाचून घ्यावे. ज्या माउलीला स्वतःला वाचता येत नाही, तिनेही ते शेजारी बसून ऐकावे. त्या घरात ग्रंथ आणखी एका माणसापर्यंत पोहोचलेला असेल.