निळ्या स्विचची मिजास

"पहिला मेकॅनिकल कीबोर्ड घेतोयस? मग ब्लू स्विचच घे, बाकी सगळं मिळमिळीत!" असा सल्ला देणाऱ्यांना मी एकच विचारतो: राव, तुम्ही राहता कुठे? बंगल्यात?

मी राहतो वन बीएचकेत. ब्लू घेतला, रात्री साडेअकराला कोड लिहायला बसलो आणि पाचव्या मिनिटाला पाळण्यातली कन्या जागी! बायको एवढंच म्हणाली, "हा टाइपरायटर ऑफिसात नेऊन ठेव." नेला. तिथे शेजारचा कॉलवर असताना हाताने 'जरा हळू' अशा खुणा करायला लागला.

अहो, ब्लूची ती टिकटिक मुद्दाम केलेली असते. कळ लागली याची वर्दी ती कानाला देते. ब्राउनमध्ये तीच वर्दी बोटाला मिळते. रेडमध्ये तीही नाही. चेरीच्या रेडची कळ 4 मिमी खाली जाते, पण अक्षर 2 मिमीवरच उमटतं. म्हणजे तळापर्यंत आपटायची गरजच नाही. खडखडाट हा काही कसबाचा पुरावा नव्हे!

आणि मनगट दुखतं म्हणून घेत असाल, तर आधी खुर्ची-टेबलाची उंची बघा.

माझं ऐकाल तर पहिला कीबोर्ड हॉट-स्वॅप घ्या. स्विच उपटून दुसरे बसवता येतात, सोल्डरिंगची भानगड नाही. माझा सुदैवाने तसा होता. आता सायलेंट रेड लावलेत. कोडमधले बग तेवढेच आहेत, पण पोरगी झोपते.

असो.