चित्र खरं, पाटी खोटी

काही चित्रं खरं बोलतात आणि त्यांच्याखालची पाटी खोटं बोलते. होआकिन सोरोया या स्पॅनिश चित्रकाराचं १८९९ सालचं 'त्रिस्ते एरेन्सिया' हे त्यातलंच एक. नावाचा अर्थ 'दुःखद वारसा'. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजलं, सोरोयाला तिथलं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. १९०१ साली माद्रिदला मानाचं पदकही मिळालं. चित्र थोर आहे, त्याबद्दल वाद नाही. माझं भांडण आहे ते नावाशी.

आधी चित्र बघू. व्हॅलेन्सियाजवळचा काबान्यालचा किनारा, म्हणजे कोळ्यांची वस्ती. 'सान हुआन दे दिओस' संघाच्या रुग्णालयातली मुलं समुद्रात आंघोळीला आणली आहेत. उघडीनागडी पोरं, काटकुळे पाय, कुणाच्या हातात काठी, कुणाच्या काखेत कुबड्या. मध्ये काळ्या झग्यातला एक धर्मबंधू एका पोराला सावरतोय. मागे गडद निळं पाणी. कुणीही आपल्याकडे बघून हात पसरत नाही. इतकं प्रामाणिक काम आहे हे.

आणि आता पाटी. सोरोयाच्या मनात आधी याहून कडक नाव होतं, 'सुखाची लेकरं' अशा अर्थाचं. मतितार्थ एकच : आईबापांनी मजा मारली, पोरं भोगतायत. दारू, बाहेरख्यालीपणा, गुप्तरोग... बापाचं पाप पोराच्या पायात!

गंमत म्हणजे (गंमत कसली!) चित्रातल्या दोन मुलांच्या पायांत आजचे जाणकार पोलिओ ओळखतात. पोलिओचा आईबापांच्या चारित्र्याशी काडीचा संबंध नाही. तो विषाणू आहे. घाण पाण्यातून, न धुतलेल्या हातांतून पसरतो. लँडस्टायनर आणि पॉपर यांनी १९०८ साली हे कारण शोधून काढलं.

यावर ठरलेलं उत्तर येतं, "अहो, त्या काळी कुणाला माहीत होतं?" बरंच माहीत होतं. जर्मनीत हाइने या डॉक्टरांनी १८४० सालीच या लुळेपणाचं वेगळं वर्णन केलं होतं. १८८७ साली स्टॉकहोममध्ये साथ आली, मेदिन यांनी तिचा अभ्यास १८९० साली मांडला. आणि साथ काही वारशाने येत नाही. बरं, चित्रकाराने वैद्यकाची पुस्तकं वाचावीत अशी सक्ती नाही, मान्य. पण माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हणावं की. आमच्या धंद्यात लॉग न उघडताच 'कारण : युजरची चूक' असं लिहून बग बंद करणारे महाभाग असतात. ही पाटी त्याच जातीची.

त्यांतल्या काही पोरांना आईकडून सिफिलिस आला असेलही. तरी काय? तो जंतूंचा संसर्ग आहे आणि कित्येकदा त्या आईलाही तो नवऱ्याकडूनच मिळालेला असतो. त्यावर खात्रीचा इलाज आला तो १९४० च्या दशकात, पेनिसिलिनच्या रूपात. प्रवचनाने एकही रोगी बरा झाला नाही.

त्या धर्मबंधूंना मी नावं ठेवत नाही. ज्यांना कुणी विचारत नव्हतं अशा पोरांना त्यांनी हाताला धरून पाण्यापर्यंत नेलं. चीड आहे ती बघणाऱ्यांच्या दयेची. एका हाताने भाकरी द्यायची आणि दुसऱ्या हाताने कपाळावर शिक्का मारायचा, ही दया नव्हे. हे स्वतःला निर्दोष ठरवून घेणं आहे. वारसा त्यांचा म्हटलं की गटारं, पाणी, वस्ती यांचा हिशेब आपल्याला द्यावा लागत नाही!

आणि आपण स्पेनला हसायचं कारण नाही. 'मागच्या जन्मीचं पाप' हे आपलंच देशी व्हर्जन आहे. पोलिओ झालेल्या किती मुलांच्या आयांनी ते ऐकलं असेल! पण हा रोग आपण हटवला तो कसा? १९९५ पासून पल्स पोलिओ. रविवारचं बूथ, दोन थेंब, करंगळीला शाई. तुझा बाप पितो का, हे बूथवर कुणी विचारलं नाही. देशातला शेवटचा नैसर्गिक पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, आणि २७ मार्च २०१४ ला आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. मी याला दयेचं सगळ्यात मोठं काम मानतो, कारण त्यात पात्र-अपात्र ही भानगडच नव्हती.

चित्र आज व्हॅलेन्सियातच आहे. जरूर बघा, पण आधी पाटी झाका. काही आजारी पोरं समुद्रात उतरलीयत आणि एक माणूस त्यांना धरून उभा आहे, एवढंच त्यात आहे. मला विचाराल तर नुसतं 'आंघोळ' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.