विश्लेषण : चीन फिरायला सोपा, पण नोकरी करून राहायला? परदेशी तरुणांसाठी नियम काय?

चोंगछिंग शहरात रहिवासी इमारतीच्या पोटातून आरपार जाणारी मेट्रो, ताशी ३५० किलोमीटर वेगाने धावणारी रेल्वे, मोबाइल दाखवून घेतलेला नाश्ता... चीनमध्ये नोकरी करणाऱ्या आणि सुटीत देश पालथा घालणाऱ्या परदेशी तरुणांचे असे व्हिडीओ समाजमाध्यमांवर सतत दिसतात. त्यातच चीनने १ ऑक्टोबर २०२५ पासून विज्ञान-तंत्रज्ञान क्षेत्रातील परदेशी तरुणांसाठी ‘के’ हा नवा व्हिसा सुरू केला. त्याच्या काही दिवस आधीच अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले होते. साहजिकच ‘आता अमेरिकेऐवजी चीन’ अशी चर्चा सुरू झाली. मात्र चीनमध्ये जाणे, तेथे नोकरी करणे आणि तेथेच स्थिरावणे यांची दारे वेगवेगळी आहेत. पहिले सताड उघडे आहे, दुसरे अर्धवट आणि तिसरे जेमतेम किलकिले.

चीनमध्ये जाणे किती सोपे झाले?

करोनाकाळात चीनने सीमा जवळपास तीन वर्षे बंद ठेवल्या होत्या. त्यानंतर धोरण बदलले. १ डिसेंबर २०२३ पासून फ्रान्स, जर्मनी, इटली, नेदरलँड्स, स्पेन आणि मलेशिया या देशांच्या नागरिकांना व्हिसाविना प्रवेश मिळू लागला. पुढे ही यादी वाढत गेली आणि मुक्कामाची मुदत १५ दिवसांवरून ३० दिवसांवर गेली. २०२४ मध्ये दोन कोटींहून अधिक परदेशी नागरिक व्हिसाविना चीनमध्ये आले. आदल्या वर्षीच्या तुलनेत हा आकडा दुपटीहून जास्त होता.

भारत या यादीत नाही. भारतीयांना पर्यटनासाठीही आधी व्हिसा घ्यावा लागतो. मात्र पाच वर्षे थांबलेली थेट विमानसेवा २६ ऑक्टोबर २०२५ रोजी कोलकाता-ग्वांगझू मार्गाने पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत सिंगापूर, बँकॉक किंवा हाँगकाँगमार्गे जावे लागत होते.

‘के’ व्हिसा म्हणजे नोकरीचा परवाना आहे का?

या प्रश्नावरच सर्वाधिक गैरसमज आहेत. हा व्हिसा मिळवण्यासाठी चिनी कंपनीचे निमंत्रणपत्र लागत नाही, हे त्याचे मुख्य वैशिष्ट्य. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी किंवा गणित या विषयांत मान्यताप्राप्त विद्यापीठाची किमान पदवी असलेले तरुण त्यासाठी पात्र ठरू शकतात. या व्हिसावर शिक्षण, विज्ञान-तंत्रज्ञान व संस्कृती क्षेत्रातील देवाणघेवाण आणि उद्योग-व्यवसायाशी संबंधित उपक्रम करता येतात, असे चीन सरकारने म्हटले आहे. पगारी नोकरीची थेट मुभा मात्र या घोषणेत नाही. त्यामुळे ‘के’ व्हिसा हातात आला म्हणजे सोमवारपासून कामावर रुजू होता येईल, असे समजणे धोक्याचे आहे.

मग नोकरीसाठी काय लागते?

नेहमीचा मार्ग ‘झेड’ व्हिसाचा आहे. त्यात आधी नोकरी आणि मग प्रवास, असा क्रम असतो. चिनी कंपनी उमेदवारासाठी कामाच्या परवान्याची पूर्वमंजुरी घेते, तिच्या आधारे व्हिसा मिळतो आणि चीनमध्ये उतरल्यावर ३० दिवसांच्या आत कामासाठीचा निवास परवाना काढावा लागतो. पदवीचे आणि चारित्र्य पडताळणीचे साक्षांकित दाखले व वैद्यकीय तपासणी हे सोपस्कार वेगळे.

२०१७ पासून देशभर एकच पद्धत लागू आहे. तीत परदेशी कर्मचाऱ्यांचे अ, ब आणि क असे तीन गट पाडले जातात. पगार, शिक्षण, अनुभव, वय, चिनी भाषेचे ज्ञान अशा निकषांवर गुण मिळतात. ८५ गुणांपासून पुढे ‘अ’ गट, तर ६० पासून ‘ब’ गट. सर्वसाधारण नोकरदार ‘ब’ गटात येतो. त्यासाठी पदवी आणि संबंधित कामाचा दोन वर्षांचा अनुभव, ही प्रचलित अट आहे. म्हणजेच नुकत्याच पदवी घेतलेल्या तरुणाला हा मार्ग सहसा बंद असतो. काही सवलती आहेत, पण त्या निवडक विद्यापीठांचे आणि उच्चशिक्षित उमेदवारांपुरत्या.

हा परवाना एका ठरावीक कंपनीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की आधीचा परवाना रद्द करून नवा घ्यावा लागतो आणि त्यासाठी जुन्या मालकाची कागदपत्रे लागतात. पगाराइतकेच वजन या कागदांना असते, ते यामुळेच.

इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीचे काय?

परदेशी तरुणांसाठी हा वर्षानुवर्षांचा राजमार्ग होता. मात्र भाषा शिकवणारी व्यक्ती त्या भाषेच्या ‘मूळ भाषकां’च्या देशातील असावी, असा नियम आहे. इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका असे देश त्यात धरले जातात. भारतीय उमेदवाराचे इंग्रजी कितीही उत्तम असले तरी पासपोर्ट आडवा येतो. शिवाय जुलै २०२१ मध्ये सरकारने शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्यांवर बंदी आणल्याने या क्षेत्रातील मोठा रोजगारच संपला.

परवान्याशिवाय काम केल्यास?

‘पर्यटक व्हिसावर या, परवान्याचे नंतर बघू’ असे सांगणारे दलाल आजही भेटतात. चीनच्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार बेकायदा काम करणाऱ्या परदेशी व्यक्तीला ५ हजार ते २० हजार युआन दंड होतो. प्रकरण गंभीर असेल तर दंडासोबत ५ ते १५ दिवसांची कोठडीही होऊ शकते. मायदेशी परत पाठवल्यास एक ते पाच वर्षे प्रवेशबंदी असते. कामावर ठेवणाऱ्यालाही दंड आहे, पण तो आपल्याच देशात राहतो. करिअर मोडते ते परदेशी तरुणाचे. परवान्यात लिहिलेल्या कामापलीकडचे काम करणेही याच कलमात येते. विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी विद्यापीठाच्या आणि प्रशासनाच्या मंजुरीशिवाय शिकवणी किंवा अर्धवेळ काम केले, तर तोही गुन्हा ठरतो. वैद्यकीय शिक्षणासाठी चीनला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्षात ठेवायला हवे.

रोजचे जगणे कसे असते?

भाजीपासून भाड्यापर्यंत सगळे वीचॅट आणि अलीपे या अॅपवर चालते. जुलै २०२३ पासून परदेशी बँकेचे कार्ड या अॅपला जोडता येते. २०२४ मध्ये एका व्यवहाराची मर्यादा एक हजार डॉलरवरून पाच हजार डॉलर करण्यात आली. मात्र २०० युआनपेक्षा मोठ्या व्यवहारावर परदेशी कार्डधारकाला तीन टक्के शुल्क पडते. गुगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब, इन्स्टाग्राम तेथील इंटरनेटवर चालत नाहीत. घरच्यांशी रोज बोलायचे तर त्यांनाही वीचॅट शिकवावे लागते.

मुक्कामाची नोंद हा आणखी एक नियम. हॉटेल ती स्वतः करते. पण मित्राच्या किंवा भाड्याच्या घरी राहिल्यास २४ तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. न केल्यास दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

नोकरी सांभाळून फिरायला वेळ मिळतो का?

सोयी भरपूर, सुटी कमी, असे हे गणित आहे. बीजिंग ते शांघाय हे १,३१८ किलोमीटरचे अंतर वेगवान रेल्वे साधारण साडेचार तासांत कापते आणि पासपोर्टच तिकिटाचे काम करतो. पण चिनी कायद्यानुसार दहा वर्षांपेक्षा कमी सेवा झालेल्या कर्मचाऱ्याला वर्षाला फक्त पाच दिवसांची भरपगारी रजा मिळते. २०२५ पासून सार्वजनिक सुट्या ११ वरून १३ झाल्या, मात्र सलग सुटी देण्यासाठी आधी-नंतरचा शनिवार किंवा रविवार कामाचा केला जातो. शिवाय त्या सुटीत अख्खा देश बाहेर पडतो. ऑक्टोबर २०२५ च्या आठ दिवसांच्या सुटीत देशांतर्गत प्रवासाच्या ८८ कोटींहून अधिक फेऱ्या नोंदल्या गेल्या. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयाची तिकिटे ऑनलाइन आणि पासपोर्ट क्रमांकावरच मिळतात व गर्दीच्या काळात लगेच संपतात. तिबेटला जायचे असेल तर परदेशी नागरिकाला वेगळा परवाना आणि नोंदणीकृत सहल कंपनी, दोन्ही लागतात.

चीनला परदेशी तरुण खरेच हवे आहेत का?

सरकारला हवे आहेत, पण निवडक. २०२० च्या जनगणनेत मुख्य भूमीवर सुमारे ८ लाख ४६ हजार परदेशी नागरिक होते. १४१ कोटींच्या देशात हे प्रमाण हजारी एकही भरत नाही. दुसरीकडे ऑगस्ट २०२५ मध्ये १६ ते २४ वयोगटातील शहरी बेरोजगारी, विद्यार्थी वगळून, १८.९ टक्के होती आणि त्याच वर्षी १ कोटी २२ लाख पदवीधर बाहेर पडले. त्यामुळे ‘के’ व्हिसावर चिनी समाजमाध्यमांतून संतापाची लाट उसळली. ‘आमच्याच मुलांना नोकऱ्या नाहीत’ हा त्यातला मुख्य सूर होता आणि भारतीयांविषयीची अपमानास्पद शेरेबाजीही झाली. २०२० मध्ये कायम निवासाचे नियम शिथिल करण्याचा मसुदाही अशाच विरोधात अडकला होता. चीनचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि कायम निवासाचे कार्ड फार थोड्यांना मिळते.

भारतीय तरुणांनी काय तपासावे?

चीनमधील अनुभव उपयोगाचा नाही, असे अजिबात नाही. विद्युत वाहने, बॅटरी, सौरऊर्जा, यंत्रमानव या क्षेत्रांत जगाचा मोठा पुरवठा चीनमधून होतो. ते काम जवळून पाहिलेल्या आणि चिनी भाषा येणाऱ्या अभियंत्याला मायदेशातही मागणी राहील. प्रश्न कागदांचा आहे. करारावर ज्या कंपनीचे नाव आहे, तेच परवान्यावर आहे का? काम ज्या शहरात करायचे, परवाना तिथलाच आहे का? नोकरी सोडल्यास परवाना रद्द झाल्याचा दाखला किती दिवसांत मिळेल, हे लेखी दिले आहे का? विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी या तीन प्रश्नांची उत्तरे हातात हवीत. ती नसतील, तर पर्यटक म्हणून जाऊन भिंत पाहून परत येणेच शहाणपणाचे.